डाव्या हाताने बसवलेला प्रोसेसर

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दसऱ्याचा दुसरा दिवस. काम : नवा प्रोसेसर बसवल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नाही, कारण शोधणे.

कामाच्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होते तेव्हापासून मी वही ठेवते. तिच्यात काम लिहायचं, मनात काय चाललंय ते लिहायचं नाही, अशी सवय आहे. म्हणून बाकीचं इथे लिहिते.

मी डायची ड्रॉइंग करते. पत्र्याचे भाग दाबून काढायला जे पोलादी साचे लागतात, त्यांची. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले चार-पाच छोटे शेडवाले मला काम देतात. इंदिरानगरच्या फ्लॅटमधली मागची खोली हे माझं ऑफिस. तिथला कॉम्प्युटर सात वर्षांचा झाला होता. मोठं मॉडेल स्क्रीनवर फिरवायला घेतलं की मी उठून कुकर लावून यायचे, तोवर ते अर्धं फिरलेलं असायचं. सगळं मशीन बदलण्याची गरज नव्हती. आतल्या त्याच मुख्य बोर्डावर बसणारा, पण बराच वेगवान प्रोसेसर मिळतो असं कळलं आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने तो मागवून दिला.

प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, एवढं सगळ्यांना माहीत असतं. हातात घेतला तर तो शंकरपाळ्यापेक्षा थोडा मोठा चौकोन असतो. वरून चकचकीत धातू, आणि आमच्या जातीच्या प्रोसेसरला पोटाशी हजारावर सोनेरी पिना. प्रत्येक पिन शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. त्या सगळ्या एकाच वेळी सॉकेटच्या भोकांत उतराव्या लागतात. वरून दाबायचं नाही. सरळ ठेवला तर स्वतःच्या वजनाने बसतो, तिरका पडला तर पिन वाकते.

तो बसवायचं काम माझ्या यजमानांनी मागून घेतलं होतं.

यजमान ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. भाग बनवणारे वेगळे. बनलेला भाग मापात आहे की नाही हे बघून पास किंवा रिजेक्ट करणं हे यांचं काम. तीस वर्षं त्यांनी तेच केलं आणि घरातही तेच केलं. पोळी एका बाजूला जाड आहे, फोटो दोन सूत खाली लागलाय, मुलीच्या वहीतला समास सरळ नाही. मी लग्नानंतर पहिली पाच वर्षं चिडले आणि मग सोडून दिलं. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. पाय बराचसा परत आला, बोलणं जवळजवळ पूर्ण आलं. हात आला नाही. निवृत्तीला दोन वर्षं असतानाच नोकरी सोडावी लागली.

डाव्या हाताला वळण लागावं म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत दाणे टाकायला सांगितले होते. आधी राजमा, मग हरभरे, मग मूग. ते रोज सकाळी तासभर मूग टाकायचे. तक्रार नाही. पण त्याखेरीज दुसरं काहीही नाही. भाजी कुठली करू, विचारलं तर "कर काहीही." मुलीने दुसरी नोकरी धरू का विचारलं, तर "बघ तुला काय वाटतं ते." घरात मत असलेला माणूस होता तो, आणि आता मतच उरलं नव्हतं. बाहेरच्या लोकांना वाटायचं, किती शांत झालेत. मला ते शांत होणं पसंत नव्हतं.

प्रोसेसरची पेटी आली त्या दिवशी त्यांनी ती एका हाताने आणि दातांनी उघडली. कारखान्यात वापरायचं ते डोळ्याला लावायचं भिंग कपाटातून काढायला लावलं. मी प्रोसेसर धरला आणि त्यांनी अर्धा तास एकेक रांग पाहिली. मग म्हणाले, "पास." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी बसवतो."

मुलगी फोनवर नको म्हणाली. मी हो म्हटलं. त्यात दयामाया नव्हती. दीड वर्षात त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि हे जमलं तर पुढच्या दहा गोष्टींना ते स्वतःहून हात घालतील असा माझा हिशेब होता. फसलं तर उलट होईल, हेही मला दिसत होतं. प्रोसेसर बिघडला तर दुसरा आणता येतो. ते पुन्हा मुगाच्या वाटीशी जाऊन बसले असते, तर मी काय आणणार होते?

दसऱ्याला संध्याकाळी, आपट्याची पानं देऊन आलेली मंडळी गेल्यावर, आम्ही मशीनचा बाजूचा पत्रा काढला. जुना प्रोसेसर मी काढून दिला. नवा प्रोसेसर त्यांनी डबीतून डाव्या हाताच्या तीन बोटांत उचलला. त्याच्या माथ्यावर खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू होतं, ते मी त्यांच्या हातातच रुमालाने पुसलं. मग मी टॉर्च धरली. त्यांचा हात बराच वेळ सॉकेटवर अधांतरी होता. प्रोसेसर बसला, त्यांनी तो घट्ट धरणारी सॉकेटची दांडी खाली केली, मी वर थंडाव्याचा पंखा दाबून धरला आणि त्यांनी स्क्रू पिळले. सगळं रीतसर झालं.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि स्क्रीन काळीच राहिली. तीनदा बंद करून चालू केलं, तरी तेच.

"बघ तू," ते म्हणाले आणि उठले. श्रीखंड तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला मी बसले. असल्या वेळी एक नियम पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि स्वस्तातल्या कारणापासून सुरुवात करायची. स्क्रीनची केबल काढून दुसरी लावली. काही नाही. बोर्डाला वीज देणारी जोडणी पक्की बसलेली नसते कधीकधी, ती काढून पुन्हा दाबली. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, एक काढली, मग ती लावून दुसरी काढली. मग बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटं बाहेर ठेवला, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातात. दर वेळी बटण दाबायचं, पंखे फिरायचे, स्क्रीन काळी. नव्या प्रोसेसरची ओळख पटावी म्हणून बोर्डातला मूळ प्रोग्रॅम आधी बदलून घ्यावा लागतो. पुष्कळ लोक ते न करताच जुना काढून बसतात आणि मग रडतात. मी ते आठवड्यापूर्वीच केलं होतं, वहीत नोंद होती.

बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. कुठे अडलंय ते सांगणारे. त्यांपैकी प्रोसेसरचा दिवा लागून राहिला होता. तो मला पहिल्यापासून दिसत होता. पण पंखा काढून प्रोसेसर पुन्हा उचलणं मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. त्याचं कारण नियम नव्हता. दोष तिथे सापडू नये असं मला वाटत होतं.

मधेच अंबडच्या शेडमालकाचा फोन आला. त्यांना त्याच दिवशी ड्रॉइंग हवं होतं.

"ताई, सोनं लुटून झालं असेल तर आमच्याकडे बघा जरा."

"मशीन बंद आहे माझं. उद्या देते."

"कारागीर बसून राहतील हो."

"बसू द्या. कालची जिलबी जिरेल त्यांची."

ते हसले, पण उद्या नक्की ना, हे दोनदा विचारून घेतलं.

अकराच्या सुमाराला मुलीचा फोन आला. माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, किती वेळ घालवणार आहेस त्यात? मी इथून रिटर्न टाकते. कारण काय लिहू?"

"कारण अजून सापडलेलं नाही."

"डिफेक्टिव्ह आला म्हणून लिहिते. सगळे तेच लिहितात."

"थांब जरा."

"आणि बाबांनीच बसवला ना? मी तुला म्हटलं होतं, तू बसव आणि त्यांना स्क्रू लावायला दे. पण तू माझं ऐकशील तर ना."

यजमान दारात उभे होते. किती वेळ उभे होते ते मला माहीत नाही.

"रिटर्न नको टाकूस," ते म्हणाले.

"बाबा, तसं नाही हो म्हणायचं मला..."

"माल चांगला होता. मी तपासला होता. बसवताना माझ्या हातून सुटला."

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "कधी?"

"तू टॉर्चचा खटका बघायला मान वळवलीस तेव्हा. बोटभर उंचीवरून पडला, सॉकेटवर. मी उचलून परत ठेवला."

"बोलला नाहीत."

"नाही."

मग ते एरवी बोलायचे त्यापेक्षा जास्त बोलले. म्हणाले, "नवीन पोरं असंच करायची. पार्ट हातातून पडला की पुसून गुपचूप ट्रेमध्ये ठेवायची. मी ओळखायचो. एकेकाला उभा करून झापलंय मी." शेवटी म्हणाले, "यापुढे मला असलं काही देऊ नकोस." आणि आत गेले. टीव्हीचा आवाज आला नाही. पलंग कुरकुरला, तेवढाच.

फोन चालूच होता. "आई, मी असं बोलायला नको होतं का?"

"बोललीस ते बोललीस. रिटर्न टाकू नकोस. ठेव आता."

आता शेवटचं कामच उरलं होतं. मी पंख्याचे चार स्क्रू काढले. पंखा सरळ वर ओढायचा नाही. मधे उष्णता वाहून न्यायला लावलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर त्याला चिकटून येतो आणि पिना मोडतात. आधी थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवून सैल केला. दांडी वर केली, प्रोसेसर कडांनी उचलला आणि खिडकीपाशी नेऊन उलटा केला. त्यांचं भिंग डोळ्याला लावलं. मला त्याची सवय नाही, नजर बसायला वेळ लागला. मग पहिल्या रांगेपासून सुरू केलं. वाकलेली पिन रांगेत लगेच दिसते, शाळेच्या प्रार्थनेत एखादं पोर ओळीबाहेर उभं असतं तशी. एक बाजू संपली. दुसरी संपली. एकही पिन वाकलेली नव्हती.

तिसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात पिना लाल होत्या.

आधी गंज वाटला. पण सोन्याचा मुलामा गंजत नाही. आठ-दहा पिनांच्या बुडाशी लाल रंग वाळून बसला होता, आणि तिथून वर कडेपर्यंत बारीक ओघळ गेला होता. मी नखाने कडेला जरा खरवडलं आणि वास घेतला. घेतला नसता तरी चाललं असतं. ते कुंकू होतं, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी लावलेलं नव्हतं.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पाटावर विळी, कात्री, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, माझ्या पट्ट्या आणि कीबोर्ड, यजमानांची मोजमापाची हत्यारं. धातूवर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून मी ते वाटीत थोड्या पाण्यात कालवून घेते. पण मोजमापाच्या हत्यारांचा नियम वेगळा होता. कारखान्यात इतर मशीनना झेंडूच्या माळा पडायच्या, हळदकुंकू लागायचं. तपासणीच्या खोलीतली मापं मात्र यजमान आदल्या दिवशी कपाटात कुलूपबंद करायचे. मापाच्या हत्याराला कुंकू लावायचं नाही, नमस्कार लांबून. घरी ते त्यांचा मायक्रोमीटर आणि भिंग पाटावर ठेवायचे आणि वर धुतलेला पांढरा रुमाल पसरायचे. मी इतकी वर्षं रुमालालाच कुंकू लावत आले होते.

या वर्षी रुमाल नव्हता. यजमान समोर खुर्चीत बसले होते आणि पाट मी एकटीने मांडला होता. रुमाल पसरलेला नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी पटापट हळदकुंकू लावत गेले. गॅसवर पुरण होतं. नवी वस्तू म्हणून प्रोसेसरची डबी उघडली, माथ्यावर बोट टेकवलं, आणि पाटावर जागा नव्हती म्हणून डबी तशीच कपाटाला टेकवून उभी ठेवली. ओलं कुंकू ओघळून कडेवरून खाली उतरलं आणि रात्रीतून वाळलं. यजमानांनी माल आधीच तपासून पास केलेला. पास केलेला पार्ट मधे कुणी उघडत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एका हाताने तो उलटा करून बघणं त्यांना शक्यही नव्हतं. बघायला हवं होतं ते मी.

मी तिथेच पाच मिनिटं बसले. कुंकू पुसणं अवघड नव्हतं. गुपचूप पुसून, बसवून, मशीन सुरू करता आलं असतं. त्यांना वाटलं असतं, हिने वाकलेली पिन सरळ केली. माझी चूक कुणाला कळली नसती. मला चूक कबूल करायची सवय नाही. घर, काम, दवाखाना सगळं एकीनेच बघायचं म्हटलं की चूक सांगायला समोर कुणी नसतं, आणि ती सवय मोडते. पण मग तो प्रोसेसर त्यांच्या हातून पडून बिघडला होता, हे कायमचं खरं झालं असतं.

मी प्रोसेसर आणि भिंग घेऊन आत गेले. ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते.

"हे बघा."

"नको."

"बघा म्हणते. पिना सरळ आहेत."

त्यांनी हात पुढे केला नाही. मी भिंग त्यांच्या डाव्या हातात ठेवलं आणि प्रोसेसर समोर धरला. पाच-सात मिनिटं ते बघत राहिले. रांगेमागून रांग, माझा हात अवघडला.

"सरळ आहेत," शेवटी म्हणाले.

"तुमच्या हातून सुटला, पण त्याला काही झालं नाही. कोपऱ्यात बघा. ते कुंकू आहे. मी लावलेलं. त्या पिनांना वीज पोचत नाही, म्हणून मशीन सुरू होत नाही."

मला वाटलं, ते सुटकेचा श्वास टाकतील, नाहीतर रागावतील. त्यांनी भिंग खाली केलं आणि म्हणाले, "मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतं?"

"तू लावलंस आणि डबी उभी केलीस. ओघळ खाली येणार असं वाटलं मला. काल बसवताना ते लक्षातून गेलं, सगळं लक्ष हाताकडे होतं."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

ते चादरीची कड बोटांनी सरळ करत राहिले.

"मायक्रोमीटरलाही लागलंय," म्हणाले.

"तेही पाहिलंत."

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"बोलून काय करायचं? तुझं मशीन, तुझी पूजा. मी खुर्चीत बसलेला माणूस."

तेव्हा मला राग आला. झटक्याच्या रात्रीही मी आवाज चढवला नव्हता, अँब्युलन्सवाल्याला रस्ता सांगत होते. आता चढवला.

"बोलायला हात लागत नाही," मी म्हणाले.

मी खिडकीकडे बोट केलं.

"इथल्या पडद्याचा दांडा बघा. मी एकटीने लावलाय. सरळ आहे?"

त्यांनी वर बघितलंही नाही. "उजवीकडे पाव इंच खाली आहे."

"केव्हापासून दिसतंय?"

"मार्चपासून."

"अजून काय काय दिसतंय?"

त्यांनी सांगितलं. सावकाश, एकेक. स्वयंपाकघरातल्या नळाचा आटा चुकीचा बसलाय, म्हणून ठिबकतो. मी गोळ्यांच्या डबीत सकाळच्या दोन गोळ्या उलट्या क्रमाने ठेवते. मुलीने पाठवलेल्या फोटोत तिच्या खोलीतला विजेचा बोर्ड उघडा दिसतो. माझा उजवा डोळा बारीक होतो स्क्रीनकडे बघताना, नंबर वाढला असणार. दीड वर्षाचा माल साठला होता. मी पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिले. शेजारीण बेल वाजवून गेली, आम्ही उठलो नाही.

संपल्यावर मी म्हणाले, "ठीक आहे. हे पुसते आणि बसवून टाकते."

"कशाने पुसणार?"

"प्रिंटरचं हेड पुसायचं स्पिरिट आहे ना, उडून जाणारं."

"ब्रश?"

"जुना टूथब्रश."

"जुना नको, त्याचे केस फाकलेले असतात. मुलीचा नवा पडलाय मोरीच्या फळीवर, मऊ आहे. रांगेच्या दिशेने फिरवायचा. आडवा नाही. आणि मी बघितल्याशिवाय पास नाही."

दुपारभर ते काम चाललं. मी ब्रश फिरवायचे, ते भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "अजून आहे." सॉकेटच्या भोकांत गेलेली पूड रबरी पिचकारीच्या वाऱ्याने उडवली. मायक्रोमीटरही पुसला. पाच वाजता ते "पास" म्हणाले आणि मी पंख्याकडे हात नेला.

"आज बसवायचा नाही."

"म्हणजे काय? उद्या ड्रॉइंग द्यायचंय. हेअर ड्रायर मारते, पाच मिनिटांत वाळेल."

"नाही. पिनांच्या मुळाशी ओल राहते. रात्रभर उघडा राहू दे. सकाळी उजेडात बसवू."

"अंबडचे लोक मला काय म्हणतील?"

"त्यांना सांग, इन्स्पेक्शनला अडकलंय. त्यांना सवय असेल."

झटक्यानंतर त्यांनी मी ठरवलेल्या गोष्टीला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. माझ्या मते ड्रायर चालला असता, अजूनही तसंच वाटतं. मी प्रोसेसर स्वच्छ फडक्यावर उलटा ठेवला, वर चाळणी पालथी घातली आणि दिवा बंद केला. बसवणार कोण, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ते मागच्या खोलीत गेले. मी टेबल खिडकीपाशी ओढून दिलं, पत्रा काढून मशीन आडवं केलं.

"जुना प्रोसेसर कुठे ठेवलास?"

मी तो काढून दिला.

"आणि तू इथे थांबू नकोस. तू टॉर्च धरलीस की मला घाई होते."

मी ज्वारीचा डबा उचलला आणि दळायला गेले. गिरणीत गर्दी नव्हती. गिरणीवाला म्हणाला, "ठेवून जा ताई, निरोप पाठवतो." मी म्हटलं, थांबते. माझ्या पुढे एक गहू आणि एक बेसन होतं. मी बाकावर बसले. फोन पिशवीत होता, बाहेर काढला नाही. माझी ज्वारी झाल्यावर त्याने डबा भरला, पीठ गरम होतं, म्हणून झाकण न लावता आणखी थोडी थांबले. तासभर तरी झाला असेल.

घरी आले तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते. सॉकेटची दांडी खाली होती. पंखा नुसता शेजारी ठेवलेला. तो बसवायला दोन हात लागतात.

"जुना वीस वेळा ठेवून पाहिला," ते म्हणाले. "चार वेळा सुटला. शेवटच्या आठांत एकदाही नाही. मग नवा ठेवला."

"सुटला?"

"नाही. सुटला असता तर सांगितलं असतं."

मी पिठाचे हात धुऊन आले, पंखा दाबून धरला. त्यांनी समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पिळले, शेवटचा दोनदा सैल करून पुन्हा. मग बटण दाबलं. पंखे फिरले, प्रोसेसरचा दिवा लागला आणि विझला, आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. ते वाकून ती वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ, काही सुटू नये अशा रीतीने. मी त्यांचं वाचून होईपर्यंत थांबले, मग खुर्ची ओढली आणि अंबडला फोन करून सांगितलं की ड्रॉइंग दुपारी तीनपर्यंत येईल.